रक्तातबिक्तात काही नसतं

"ते त्यांच्या रक्तातच असतं हो."

हे वाक्य मी ऐकलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. कप चांगला होता, चिनी मातीचा, सोनेरी कडेचा. घर एका संगीतरसिकाचं. १९७० नंतरची ती वर्षं. दलित साहित्याचा बोलबाला सुरू झालेला, आणि घरी एखादा दलित कवी चहाला येऊन गेला की पुरोगामीपणाचं सर्टिफिकेट घरपोच मिळायचं. आम्हा तिघाचौघांना त्यासाठीच बोलावलेलं. कोपऱ्यात तंबोरे, कपाटात तबकड्याच तबकड्या. त्यानं एक काढली, फडक्यानं पुसली, लावली. पियानो. नुसता पियानो. वाजवणारा आर्ट टेटम, अमेरिकेतला काळा माणूस.

मी जॅझ पियानो पहिल्यांदाच ऐकत होतो. माणसाला दोनच हात असतात यावरचा माझा विश्वास त्या तीन मिनिटांत उडाला. न राहवून विचारलं, "हा शिकला कुठं?"

रसिक मायेनं हसला. "शिकायचं काय त्यात? हे निग्रो लोक. ते त्यांच्या रक्तातच असतं हो. तुमच्या लोकांच्या रक्तात नाही का ढोलकी!"

चहा घशाखाली उतरेना. पण मी गप्प बसलो. त्या दिवशी गप्प बसलो याची लाज अजून आहे. हे त्याचं उत्तर. उशिरा देतोय, पण देतोय. आणि हे त्याच्यापेक्षा तुमच्यासाठी जास्त आहे, कारण तो त्याच्या जागी सुखी होता, आणि तुम्ही त्याचंच वाक्य छातीवर बिल्ल्यासारखं लावून फिरताय.

आधी त्या वाक्याची चिरफाड करू.

त्यांचा पोरगा दहा वर्षं गुरूच्या घरी बसला की ती तपश्चर्या. आपला पोरगा दहा वर्षं ढोलकी बडवत बसला की ते रक्त. त्यांचं घराणं, आपली जात. त्यांचा रियाज, आपला स्वभाव. आणि हाच माणूस कॉलेजातल्या प्रवेशाचा विषय निघाला की रक्त विसरतो आणि मेरिट आठवतो. गाण्याबजावण्यात आम्ही पुढं गेलो तर त्यात आमचं कर्तृत्व नाही, रक्ताचं आहे. शिक्षणात मागं राहिलो तर तो मात्र आमचा दोष. असा हा हिशेब. कुठूनही मांडा, आपण नापासच.

या हिशेबाला भाषणानं उत्तर देता येत नाही. ऐकून देता येतं. कसं, ते सांगतो.

एक गाणं घ्या. 'टी फॉर टू'. म्हणजे दोघांचा चहा. १९२५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'नो, नो, नॅनेट' नावाचं संगीत नाटक आलं, त्यातलं हे गाणं. चाल व्हिन्सेंट यूमन्स या गोऱ्या संगीतकाराची. विषय काय, तर एक जोडपं, त्यांचं छोटंसं घर, चहा, पोरंबाळं. गोड गोड. साखर जरा जास्तच.

माझ्या बापाच्या गावी हॉटेलात त्याचा कप छपराच्या वळचणीला खोवलेला असायचा. कानतुटका. तो आपणच काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, बाहेर उकिडवं बसून प्यायचा, विसळून परत खोवायचा. पैसे मात्र तेवढेच. अमेरिकेत १९६० साली ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी एका मोठ्या दुकानातल्या खानपानाच्या काउंटरवर जाऊन बसले आणि कॉफी मागितली. मिळाली नाही. उठलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, आणखी पोरं घेऊन. तेव्हा दोघांनी मिळून चहा पिणं ही गोष्ट कुणासाठी गाणं असते आणि कुणासाठी सत्याग्रह असतो, हे महाडच्या लेकरांना मी सांगायला नको.

तर हे गोऱ्यांच्या गोडव्याचं गाणं तीन काळ्या पियानोवाल्यांनी वाजवलं. टेटमनं १९३३ साली, बड पॉवेलनं १९५० साली, थेलोनियस मंकनं १९५६ साली. आता फोनवर तिन्ही रेकॉर्ड मिळतात. ओळीनं लावा. कान उघडे ठेवा.

आधी डाव्या हाताकडं लक्ष द्या. जॅझ पियानोत उजवा हात नावाजला जातो आणि डावा राबतो, हे आपल्याला पटकन कळण्यासारखं आहे. हार्लेम ही न्यूयॉर्कमधली काळ्यांची वस्ती. तिथं १९२० च्या आसपास 'स्ट्राइड' नावाची पद्धत तयार झाली. डावा हात खाली खर्जात एक सूर ठोकतो, लगेच उडी मारून वर मधल्या पट्टीत सुरांचा झुबका दाबतो, पुन्हा खाली, पुन्हा वर. ढांग टाकत चालल्यासारखा. ढोलक्या तोच, साथीदार तोच. त्यावर उजवा हात मोकळा खेळतो. या पद्धतीचा बाप जेम्स पी. जॉन्सन. त्याचं 'कॅरोलायना शाउट' १९२१ ची रेकॉर्ड आहे, आजही ऐकताना पाय थांबत नाही. ही विद्या कुठं वाजायची? भाडं थकलेल्या खोल्यांत. घरमालक उठवायला आला की भाडेकरू घरात नाचगाणं ठेवायचा, येणाऱ्याकडून पैसे घ्यायचा आणि पियानोवाला रात्रभर वाजवायचा. सकाळी भाडं भरलेलं. कामगार चाळीत वाढलेल्यांनो, ही कला कुठून आली ते कळलं का?

आणि शिकवायचं कोण? तेव्हा आपोआप वाजणारे पियानो असत. भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी घातली की पट्ट्या आपल्याआप खाली दबत. जॉन्सनच्या 'कॅरोलायना शाउट'ची अशी गुंडाळी होती. पोरं ती हळू लावायची, दबणाऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवायची आणि एकेक माप पाठ करायची. ड्यूक एलिंग्टन असा शिकला. फॅट्स वॉलर असा शिकला. एकलव्यच म्हणा. फरक एवढाच, की हा द्रोणाचार्य लाकडाचा होता आणि त्यानं कुणाचा अंगठा मागितला नाही. रक्तात असतं तर ही पोरं कागदाच्या भोकांवर बोटं ठेवत रात्री का जागली असती?

आता टेटम. जन्म १९०९, ओहायोतलं टोलेडो. एका डोळ्यानं आंधळा, दुसऱ्यानं अंधुक दिसायचं. त्याचं 'टी फॉर टू' लावा. चाल ओळखू येते न येते तोच तिच्यावरून सुरांचे धबधबे कोसळायला लागतात. वाटतं, आता ताल सुटला. सुटत नाही. डावा हात पुन्हा ढांगा टाकत हजर. आणि खरी गंमत तिसऱ्याचौथ्यांदा ऐकल्यावर कळते. चाल तीच ठेवून तिच्याखालचे सूरगट तो बदलत जातो. घर तेच, खालची जमीन दुसरी. हे सुचायला डोकं लागतं, पेलायला बोटं लागतात. आर्ट टेटम शिकला कुठं? कोलंबसच्या अंधशाळेत शिकला. मग टोलेडोच्या संगीतशाळेत शिकला. माझ्या प्रश्नाला उत्तर होतं. रसिकाच्या कपाटातल्या पुस्तकांतही असेल. त्यानं शोधलं नाही, कारण शोधायची गरजच वाटली नाही. रक्त म्हटलं की शोध संपतो.

मग पॉवेल. जन्म १९२४, हार्लेम. बाप स्वतः स्ट्राइड वाजवणारा. टेटम त्याचं दैवत. १९४५ साली फिलाडेल्फियात पोलिसांनी त्याच्या डोक्यात मारलं. पुढची वर्षं वेड्यांच्या इस्पितळात येजा, विजेचे झटके. हे सगळं सोसून १९५० साली त्यानं हे गाणं वाजवलं, तेही अशा वेगात की चहा पिणाऱ्या जोडप्याच्या अंगावर कपबशी उडावी. सोबत बास आणि ड्रम. डावा हात ऐका. ढांगा गेल्या. तो अधूनमधून फक्त ठोसा देतो. उजवा हात मात्र एका सुरामागं एक सूर असा पळतो, जणू कुणी सॅक्सोफोनवाला श्वास न घेता फुंकतोय. त्याला स्ट्राइड येत नव्हतं म्हणून असं, असं समजू नका. बापाघरचं होतं, येत होतं. पण साथीला बास आणि ड्रम आहेत, तर डाव्यानं तेच ओझं पुन्हा का वाहायचं, हा विचार त्या पिढीनं केला आणि डावा हात हमालीतून सोडवला. हा निर्णय आहे. निर्णय रक्त घेत नाही.

आणि मंक. जन्म १९१७, नॉर्थ कॅरोलायना. लहानपणीच न्यूयॉर्कला आला. १९५१ साली पोलिसांना एका मोटारीत अमली पदार्थ सापडला. मोटारीत मंक होता, पॉवेलही होता. मंकनं दोस्ताकडं बोट दाखवलं नाही. शिक्षा भोगली, वर 'कॅबरे कार्ड' गेलं. हे कार्ड म्हणजे काय? न्यूयॉर्कात जिथं दारू मिळते अशा ठिकाणी वाजवायचं तर पोलिसांकडून परवाना लागे, त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागत. कलावंताच्या बोटांचे ठसे! आपल्याकडं १८७१ च्या कायद्यानं कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, नोंद केली, हजेरी लावली. १९५२ साली तो कायदा उठला, पण फासेपारध्याच्या दारात पोलीस अजून जातोच. ठसे का घेतात आणि कुणाचे घेतात हे आपल्याला ठाऊक आहे. मंकला १९५७ पर्यंत न्यूयॉर्कच्या अशा क्लबांत वाजवता आलं नाही. ऐन उमेदीची सहा वर्षं.

त्याच बंदीच्या काळात, १९५६ साली, रेकॉर्ड कंपनीनं त्याला सांगितलं, तुझी स्वतःची गाणी लोकांना अवघड वाटतात, ओळखीची वाजव. ओळखीचं वाटतं ना? प्रकाशक आपल्याला हेच सांगतात. तुमची वैचारिक भानगड राहू द्या हो, आईच्या हालअपेष्टांचं लिहा, खपेल. मंकनं 'टी फॉर टू' घेतलं. वाजवलं. आता ऐका त्यानं काय केलं. गोड सुराशेजारचा कडू सूर तो त्याच्याबरोबरच दाबतो. जिथं सूर यावा असं वाटतं तिथं गप्प बसतो. ताल अडखळल्यासारखा करतो आणि पडत नाही. गाणं ओळखू येतं, पण त्यातली सगळी साखर काढून घेतलेली. ओळखीचं वाजव म्हणालात ना, घ्या. असा तो चहा आहे. मला विचाराल तर तिघांत मला हा चहा सगळ्यांत जवळचा. कानतुटक्या कपातला.

"याला वाजवताच येत नाही" असं त्याच्याबद्दल शहाणे लोक म्हणत. त्याची एकट्यानं वाजवलेली १९५७ ची 'थेलोनियस हिमसेल्फ' ही रेकॉर्ड ऐका, नाहीतर १९६५ ची 'सोलो मंक'. जॉन्सनचा डावा हात तिथं ढांगा टाकत येतो. येत होतं ते सगळं. येत असून बाजूला ठेवलं होतं, हवं तेव्हा काढायला.

तर मित्रांनो, तिघं काळे. तिघांनी न्यूयॉर्कात नाव काढलं. गाणं एक. आणि तीन रेकॉर्डी तीन वेगळ्या जगांतल्या. रक्तच वाजवत होतं म्हणता, तर मग हात तीन का? हा प्रश्न त्या रसिकाच्या दिवाणखान्यात मी विचारायला हवा होता. विचारता आला नाही, कारण तेव्हा मी एकच रेकॉर्ड ऐकली होती. एक ऐकणारा भारावतो. तीन ऐकणारा प्रश्न विचारतो. म्हणून तुलना शिका. तुलना म्हणजे यांत पहिला नंबर कुणाचा हे ठरवणं, अशी शाळेनं आपली समजूत करून दिली आहे. ते परीक्षकाचं काम. आपलं काम कोणी काय घेतलं, काय टाकलं, आणि का टाकलं, हे शोधण्याचं.

ही विद्या विद्यापीठाचीही नाही. १९३८ साली जेली रोल मॉर्टन वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पियानोवर बसला आणि बोलत बोलत रेकॉर्डी भरल्या. स्कॉट जॉप्लिनचं १८९९ साली छापलेलं 'मेपल लीफ रॅग' त्यानं दोनदा वाजवून दाखवलं, एकदा मिसुरीकडच्या पद्धतीनं, एकदा आपल्या न्यू ऑर्लिन्सच्या. हा बघा फरक, ऐका. वाजवणाराच समीक्षक. आमच्या कलगी-तुऱ्याच्या फडावर हेच व्हायचं, हार्लेमच्या गुत्त्यांत पियानोवाल्यांचे सवालजवाब झडत तिथंही हेच व्हायचं. पण मॉर्टनचं नाव घेतलं तर दुसरी बाजूही सांगतो. हा क्रिओल, रंगानं उजळ, आणि स्वतःला काळ्यांपेक्षा वरचा समजे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत! गोऱ्यांच्या लेखी तो काळाच. आपल्यातही पोटजातीची कुंपणं घालून बसलेले आहेत. मॉर्टनचा पियानो घ्या, तो माज घेऊ नका.

आता तुमचं म्हणणं. "काका, हे फाइव्ह स्टारमधलं संगीत. आपल्याला काय त्याचं?" बरोबर, १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफर्ड नावाचा काळा पियानोवाला साहेबांना नाचवत होता. अमेरिका सोडून आशियाभर वाजवत फिरलेला माणूस. १९४५ साली कलकत्त्यात पटकीनं मेला. हॉटेल श्रीमंतांचं होतं, हात कुणाचे होते? त्याच बँडवाल्यांकडून गोव्याच्या वादकांनी जॅझ उचललं आणि सिनेमाच्या गाण्यांत आणलं. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'च्या तालावर १९५१ साली आपल्या चाळी नाचल्या, त्यामागं चिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवाल्याचा हात होता. म्हणजे जॅझ तुमच्या कानांत कधीचं आहे. आणि तिकडं पहिली जॅझ रेकॉर्ड १९१७ साली निघाली ती गोऱ्यांच्या बँडची. काळ्यांच्या रेकॉर्डींना कंपन्यांनी वेगळी यादी, वेगळे नंबर दिले, नाव 'रेस रेकॉर्ड्स'. वेगळा कपच तो. जॉन्सननं १९३२ साली 'हार्लेम सिम्फनी' लिहिली, मोठ्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला, नाकारला गेला. ज्यांची वस्तू, त्यांनाच वळचणीला बसवायचं. आणि आपण म्हणायचं, हे श्रीमंतांचं. वा रे विद्रोही!

आणि कृपा करून बाबासाहेबांना मध्ये आणू नका. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेम लागूनच आहे. पण त्यांनी तिथं पियानो ऐकला अशी दंतकथा रचायची गरज नाही. १९४६ साली त्यांनी डु बॉइसना पत्र लिहिलं, काळ्यांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास केला आहे असं कळवलं. तो शब्द धरा. अभ्यास. १९७२ साली आपण ब्लॅक पँथरचं नाव घेतलं. नाव घेतलं, अभ्यास किती घेतला?

आता खरं दुखणं बोलतो. बड पॉवेलचं 'उन पोको लोको' तीनदा भरलेलं आहे, एकाच दिवशी, १ मे १९५१. तिन्ही ऐकायला मिळतात. ड्रमवर मॅक्स रोच. गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखी एक घंटा तो वाजवतो आणि तिचा ठेका तीन खेपांत बदलत बदलत पक्का होत जातो. डोक्यात मार खाल्लेला, इस्पितळातून सुटलेला माणूस, आणि तरी एकदा वाजवून उठला नाही. मंकनं 'राउंड मिडनाइट' हे स्वतःचं गाणं, १९४४ पासून रेकॉर्डवर असलेलं, १९५७ साली एकट्यानं भरलं. त्या दिवशीची वीसेक मिनिटांची खटपट पुढं जशीच्या तशी बाहेर आली. स्वतःचंच गाणं तो नव्यानं शोधतोय. थांबतो, मागं जातो, पुन्हा.

आणि आपण? रात्री एकला कविता होते, सकाळी संपादकाकडं. पहिलाच खर्डा. कुणी म्हणालं, ही ओळ सैल आहे, की आपण त्याला बामणी सौंदर्यशास्त्राचा दलाल ठरवतो. मीही केलंय. माझी एक लांबलचक कविता होती, एका बैठकीत लिहिलेली, शिव्यांनी भरलेली. त्याच रसिकानं ती वाचून मला पत्र पाठवलं, "किती अस्सल! किती रांगडं!" ते पत्र मी खिशात घालून महिनाभर मिरवलं. फार उशिरा ट्यूब पेटली. अस्सल म्हणजे रक्तातलं. ढोलकीबद्दल बोलला तेच तो कवितेबद्दल बोलत होता. तेव्हा राग आला, आता गुदगुल्या झाल्या. याला काय म्हणायचं?

आपला राग खरा आहे. त्याला पुरावा लागत नाही. खैरलांजी २००६ सालची आहे, उना २०१६ सालचं. पण राग खरा आहे म्हणून ओळ आपोआप खरी होत नाही. रियाज, फेरलेखन, घासाघीस, हे शब्द त्यांच्या मालकीचे आहेत असं समजून आपण टाकून दिले आणि रक्त, ज्वाला, ठिणगी एवढंच हातात ठेवलं. म्हणजे त्यांनी आखलेल्या रिंगणात आपण खुशीनं जाऊन उभे राहिलो. हार्लेमचे पियानोवाले या रिंगणात उभे राहिले नाहीत. त्यांना जंगली म्हणणारे रोज भेटत होते. त्यांनी डावा हात घोटला.

म्हणून एक काम करा. रविवारी शाखेच्या खोलीत पाचसहा जण बसा. 'टी फॉर टू'च्या तीन रेकॉर्डी लावा. पहिल्या खेपेला फक्त डावा हात ऐका, दुसऱ्या खेपेला फक्त गप्प जागा. भाषण नको. प्रत्येकानं एकच सांगायचं, काय बदललं. मग वामनदादांचं एक गाणं घ्या, तीन गायकांचं, आणि तसंच ऐका. मग आपल्या वस्तीतल्या हलगीवाल्याला बोलवा, आणि टाळ्या वाजवायच्या आधी त्याला विचारा, "शिकलात कुठं? कुणाकडं? किती दिवस?" जन्मात त्याला हे कुणी विचारलेलं नसेल.

माझ्या बापाला कुणी विचारलं नाही. गिरणीत साचे चालवायचा. नायगावच्या चाळीत जलशाच्या मंडळींत तो ढोलकी शिकला. एका म्हाताऱ्या ढोलक्याच्या हातचा मार खात, पाळी सुटल्यावर, बोटांच्या पेरांना भेगा पडेपर्यंत. त्या भेगांत आई रात्री कोकम तेल भरायची, ते मी पाहिलंय. लोक म्हणायचे, काय हात आहे, जन्मजातच!

जन्मजात असता तर तो माझ्याकडं आला असता. त्याचंच रक्त आहे ना माझ्यात? मला साधा केरवा धड वाजवता येत नाही.